हातभर सोडलेली टोकं

सुधीरची स्कूटर दारात थांबली तेव्हा मी वामनची खुर्ची पुसत होते. रविवारची सकाळ. संध्याकाळी टीव्हीवर त्या मालिकेचा शेवटचा भाग होता आणि माझा धाकटा भाऊ वामन तो बघायला येणार होता. सुधीर त्याचा मुलगा. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आत्या, बाबा गेले. झोपेतच." आणि मी काय बोलले असेन? "असा कसा जाईल तो? आज शेवटचा भाग आहे!" मेलं तोंड माझं... आता महिना होऊन गेला, ते वाक्य कानातून जात नाही.

वामन वाडीच्या एका गोदामात कारकून होता, पण पेपरच्या गुरुवारच्या पुरवणीचे वाचक त्याला ओळखायचे ते टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं परीक्षण लिहिणारा म्हणून. गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता. पुढची खोली मागाने अडवलेली. आमचे बाबा विणकर, नऊवारी लुगडी विणायचे. ते गेले, पॉवरलूमपुढे आमच्या गल्लीतले माग एकेक करून चुलीत गेले, पण वामनने आमचा हलू दिला नाही. त्याची बायको होती तोवर जीव तोडून सांगायची की हे धूड काढा, पोराला अभ्यासाला जागा होईल. हा खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहायचा आणि टीव्ही बघायला सक्करदऱ्याला माझ्याकडे यायचा. "तुया घरी चहाही भेटते न वं ताई," हे वर!

ती मालिका पुढे कधीतरी होणाऱ्या महायुद्धानंतरची. जग जळून गेलेलं, मूठभर माणसं एका जुन्या खाणीत लपलेली, दर आठवड्याला त्यातलं कुणीतरी मरायचं. मला ते बघवत नसे. म्हणायचे, रविवारी संध्याकाळी कुणाच्या घरी असं मढं मोजत बसतात का रे? वामन मात्र पुढे सरकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बघायचा. बायको गेल्यापासून तो फारसं कशात रमत नव्हता, यात रमला होता. मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता. सुताचा एक गठ्ठा त्याने आधीच आणून माझ्या टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला होता. बाबांच्या मागावर एक, फक्त एक लुगडं विणायचं होतं त्याला. "जोडणी तू करशीन न वं? मले नाही जमत." आमच्या घरी ताण्याची, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांची, जोडणी बायकांची. आईने मला परकरात असताना शिकवलेली. मी म्हटलं, करीन रे बाबा, आधी मार्च तर येऊ दे.

शेवटून दुसऱ्या भागात त्या खाणीतलं तान्हं मूल थंडीने जातं. त्याच्या आईने खाटेच्या चौकटीचा माग करून, जुने स्वेटर उसवून कापड विणलेलं असतं, त्याच्यासाठीच. आता तेच त्याचं कफन. ती चाकू घेते आणि कापड मागावरून साफ कापून काढते. वामन ताडकन उठला. "अवं थांब! टोकं सोड! हातभर सोड न वं!" हातातला चहा माझ्या सतरंजीवर. मी हसले. "अरे, तिला ऐकू जाते काय?" तर त्याचे डोळे भरलेले. "ते रडून राहिली, समजते मले. पण सारंच कापलं तिनं, ताई. आता पुढचा ताणा कायले जोडन?"

विणकराच्या घरात लेकरालासुद्धा हे माहीत असायचं. लुगडं मागावरून उतरवताना धागे मुळापासून कापायचे नाहीत. मागाच्या फणीत ओवलेली टोकं हातभर राहू द्यायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन जोडायचा. टोकं गेली की हजारो धागे निसटतात, मागाचा नुसता लाकडी सांगाडा उरतो. बाबांनी शेवटचं लुगडं उतरवलं तेव्हाही हातभर टोकं सोडली होती, एकत्र करून गाठ मारून. इतकी वर्षं ती तशीच होती.

त्या भागाच्या परीक्षणात वामनने अर्धा मजकूर याच्यावर लिहिला. मला वाचून दाखवला होता. 'मूल मेलं तेव्हा मी बसून होतो, चाकू फिरला तेव्हा उठलो. बॉम्ब पडूनही त्या खाणीत जग थोडं उरलं होतं. ते तिथे संपलं. आमच्या घरच्या मागावर वडिलांनी सोडलेली टोकं अजून आहेत.' छापून आलं तेव्हा यातलं एक अक्षर नव्हतं. जागा कमी पडली, पेपरवाले म्हणाले. मीच चिडले होते.

सुधीर बापाचं छापलेलं सगळं वाचायचा. समोरासमोर मात्र दोघांचं बोलणं काय, तर "जेवला काय" आणि "येतो". जे पोराला तोंडाने सांगायचं ते वामनने लिहिलं, आणि लिहिलेलं छापलं गेलं नाही. म्हणजे सांगितलंच नाही कुणी.

मी पोचले तेव्हा वामनला पुढच्या खोलीत, मागाच्या शेजारीच निजवलं होतं. पायाशी बसले. अंगठे बांधलेले होते, जुन्या पिवळट सुताने. ते सूत मी ओळखलं. मान वर करून मागाकडे पाहिलं... फणी रिकामी. खाली बारीक धाग्यांचा भुगा सांडलेला.

"घरात दोरा नोता, आत्या," सुधीर जवळ येऊन हळूच म्हणाला. "मंग हे दिसलं. आजोबाच्या हातचं सूत आहे, म्हटलं बाबाले बरं वाटन." रडत होता पोरगा. काय सांगू त्याला? मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "बरं केलंस बेटा."

शेवटच्या भागात कोण वाचलं, ते मी कुणाला विचारलेलं नाही. टीव्ही त्या दिवसापासून बंद आहे. काल झाडताना खालचा कप्पा उघडला, गठ्ठा बाहेर काढला, दोन धागे घेऊन बोटांत पीळ देऊन पाहिला. हात विसरलेला नाही. एका झटक्यात बसला पीळ... पण जोडू कशाला?