मिस डेझी, मुक्काम बोरगाव

नागपुरातलं लग्न आटोपलं तेव्हा सांगलीच्या परतीच्या गाडीला अजून दोन दिवस होते. बायको आणि मुलीला मावशीकडे ठेवलं, खांद्याला एक पिशवी अडकवली आणि इटारसीकडे जाणारी सकाळची पॅसेंजर पकडली. पांढुर्ण्याला काय आहे, असं मावशीनं विचारलं. संत्री आहेत, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण त्यासाठी मी निघालो नव्हतो.

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे एक्याऐंशी-ब्याऐंशी साली, मी नागपुरात नोकरीला होतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात निवेदन करायचो. तेव्हा सगळीकडे डिस्कोची गाणी लागली होती. त्याआधी आमच्या साथीला तबला, बासरी, दोन व्हायोलिनं असायची. मग एकाएकी तो छातीत धडधडणारा एकसुरी ठोका आला आणि व्हायोलिनवाले घरी बसले. गाण्यात शब्द थोडे, त्यातले निम्मे इंग्रजी, ते गाणाऱ्यालाही धड कळत नसत. पण आठ दिवसांत पानठेल्यावर, न्हाव्याच्या दुकानात, वरातीच्या बँडवर तेच सुरू व्हायचं. आम्ही एको मशीन घेतलं. गायिकेनं एक शब्द म्हटला की तो तीनदा घुमायचा आणि मैदानातली पोरं उभी राहून नाचायला लागायची.

ही गाणी आमच्याकडे एकच मुलगी गायची. बोरगावची प्रभा. नागपुरात मावशीकडे राहून ती कॉलेज करत होती. तालमीला साधी सुती साडी नेसून कोपऱ्यात बसायची. माईक हातात आला की खालच्या पट्टीत, जरा खरबरीत आवाजात अशी सुरुवात करायची की वादकही तिच्याकडे बघायचे. मी तर बघतच असायचो. पोस्टरवर आणि माझ्या निवेदनात तिचं नाव होतं ‘मिस डेझी, बंबईवाली’. तालमीतही आम्ही सगळे तिला डेझीच म्हणायचो.

सौंसरच्या शारदोत्सवातल्या कार्यक्रमानंतर ती परत आली नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. निदान मी तरी सहा वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलो होतो. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. पण त्या काळातलं एखादं गाणं हॉटेलात लागलं की माझा चहा निवून जायचा.

कळमेश्वर, काटोल, नरखेड अशी गाडी रमतगमत चालली होती. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, मधेच वेचणी संपत आलेल्या कापसाची शेतं. समोरच्या बाकावर एक नवं लग्न झालेलं जोडपं मोठा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलं होतं. त्यांनी कॅसेट लावली आणि ठोका सुरू झाला. त्या वर्षातलंच गाणं. मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा फलाटावरची पाटी मागे सरकत होती. दाराशी पोचेपर्यंत पांढुर्णा गेलं होतं.

पुढे तिगावला उतरलो. परतीच्या गाडीला दोन तास होते. रस्त्यावर येऊन उभा राहिलो तर संत्र्याच्या पेट्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला.

‘‘कुठं जाऊन राहिले भाऊ?’’ ड्रायव्हरनं विचारलं.

‘‘पांढुर्ण्याला. उतरायचं राहिलं.’’

‘‘झोप लागली काय?’’

‘‘नाही. गाणं लागलं होतं.’’

तो मोठ्यानं हसला आणि त्यानं दार उघडलं. वाटेत पेटीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, ‘‘हे खा. याले झाडावरच ऊन लागलं आहे, बाजारात असं नाही भेटत.’’ खरोखरच ते कोमट होतं आणि इतकं गोड की माझ्या शर्टावर रस सांडला त्याचंही वाईट वाटलं नाही.

पांढुर्ण्यात मी श्यामरावांचं दुकान शोधलं. श्यामराव म्हणजे लाऊडस्पीकरवाले. या भागात आमचा कार्यक्रम असला की भोंगे, माईक, तारा सगळं त्यांचं. दुकान तेच होतं. भोंग्यांच्या जागी आता उंच काळे खोके आले होते. श्यामरावांनी मला ओळखलं, मिठी मारली, समोरच्या टपरीवरून आलुबोंडे आणि वर तर्री (झणझणीत पातळ रस्सा) मागवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे ते खूश झाले.

‘‘पश्चिम महाराष्ट्रात राहून तिखट विसरले तुम्ही.’’

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. ढोलवाला कुठं, मालक कुठं. मग मी विचारलं, ‘‘आणि डेझी? तिचा काही पत्ता?’’

‘‘प्रभा ना? बोरगावलेच आहे. मास्तरीण झाली.’’

‘‘ती अशी अचानक का गेली, हे कधी कळलंच नाही,’’ मी म्हणालो.

श्यामरावांनी हातातला बोंडा खाली ठेवला. ‘‘कोणाले नाही कळलं? तुम्हाले तं मी सांगतलं होतं, सुधाकरभाऊ.’’

‘‘मला?’’

‘‘हाव. सौंसरच्या प्रोग्रामनंतर आठ-दहा दिवसांनी. बैतूलले जायचं होतं, आपण ट्रकमधी सामान भरून राहिलो होतो. मी म्हटलं, प्रभाचा निरोप आहे. माह्या नावानं पुकारत असतील तं येईन म्हणे, डेझी म्हणून आता नाही येत. तुम्ही हसले. पोस्टर छापून झाले म्हणे, आता प्रभा-बिभा कुठून आणू?’’

मी नाही म्हणणार होतो. पण तेवढ्यात मला तो ट्रक दिसला, त्याच्या फळीवर टेकलेला माझा पाय दिसला, आणि माझंच हसणं ऐकू आलं. हे घडलं होतं. घडून गेल्यावर मी ते विसरलो होतो आणि त्या जागी एक सुंदरशी हुरहूर ठेवून दिली होती.

श्यामरावांनी टपरीवाल्याचे पैसे दिले. बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘जाऊन या. तिले बरं वाटंल.’’

बोरगावला सौंसरवरून जावं लागतं. सौंसरची बस कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली होती. हा भाग मध्य प्रदेशातला, म्हणून पाटी हिंदीत, कंडक्टर हिंदीत, आणि आतली सगळी माणसं आपसांत मराठीत बोलत होती. मधूनमधून वाटत होतं, सौंसरला उतरावं आणि भेटीगाठी न करता नागपूर गाठावं. मुक्कामाला एक लॉज मिळाला. त्याच्या खिडकीतून शारदोत्सवाचं ते मैदान दिसत होतं. तिथं आता बैल बांधलेले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाड्याची सायकल घेऊन बोरगाव गाठलं. हवेत चांगलाच गारठा होता. विहाराजवळ एका बाईंना मास्तरणीचं घर विचारलं, तर त्यांनी हात धरल्यासारखं अगदी दारापर्यंत नेऊन सोडलं.

अंगणात बाजेवर (खाटेवर) एक म्हातारे गृहस्थ उन्हात बसले होते. शेजारी चटईवर प्रभा वह्यांचा गठ्ठा तपासत बसली होती. डोळ्यांना चष्मा लागला होता. तिनं वर पाहिलं आणि क्षणभरानं म्हणाली, ‘‘सुधाकरभाऊ!’’

‘‘जय भीम,’’ म्हाताऱ्यांनी हात जोडले. मीही ‘जय भीम’ म्हटलं आणि बाजेच्या कडेला बसलो.

‘‘बाबा, हे आमच्या ऑर्केस्ट्रात माईकवर बोलत होते.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘इकडं कामानं आले का?’’

‘‘नाही. तुम्हालाच भेटायला.’’ पूर्वी मी तिच्याशी एकेरीत बोलायचो. आता आपोआप ‘तुम्ही’ आलं.

चहा झाला. नवरा वावरात (शेतात) गेला होता, तिची लहान मुलगी दाराआडून माझ्याकडं बघत होती. मी चाचरत म्हणालो, ‘‘काल श्यामराव भेटले. तुमच्या निरोपाची त्यांनी आठवण करून दिली.’’

प्रभानं पेनाला टोपण लावलं. ‘‘म्हणजे तुम्ही विसरले होते?’’

‘‘हो.’’

तिनं वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला. मग सांगायला लागली. ‘‘सौंसरच्या प्रोग्रामले बाबा आले होते. मी कधी सांगतलं नाही तुम्हाले. सायकलनं आले, आणि आमच्या वस्तीतले पंधरा-वीस जण बैलगाडीनं. माह्या पोरीचं गाणं आहे म्हणून सगळ्याइले घेऊन आले. तुम्ही पुकारलं, आता येत आहेत थेट बंबईहून मिस डेझी. मी आली. बाबा उभे राहून बाजूच्या माणसाले म्हणे, हे माही पोरगी होय. तो म्हणे, बुढ्या, बस खाली, ते बंबईची होय. सगळे हसले. मले वरून दिसून राहिलं होतं. अन् मी गाऊन राहिली होती.’’

‘‘हसले तं हसले,’’ बाजेवरून तिचे वडील म्हणाले. ‘‘त्याचा मले राग नाही आला. पण सकाळी मी इले इचारलं, का वं, तुह्या नावात काय खोट आहे?’’

‘‘त्याचं उत्तर माह्याजवळ नव्हतं,’’ प्रभा म्हणाली. ‘‘म्हणून निरोप धाडला.’’

मला सांगावंच लागलं. ‘‘काका, ते नाव मालकांनी नव्हतं दिलं. मी दिलं होतं. साधं नाव पोस्टरवर शोभणार नाही असं मला वाटलं. ताईंना विचारलंही नाही. डेझी हे नाव मी एका बिस्किटाच्या डब्यावर वाचलं होतं.’’

‘‘बिस्किटाच्या?’’ म्हातारे माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, प्रभानं उठून पाठीवर हात फिरवला, तर तीही हसत होती. ‘‘बाप्पा! सहा वर्षं मी समजून राहिली का कोण्या मोठ्या सिनेमावालीचं असंल.’’

मी त्या हसण्यात सामील होऊ शकलो नाही. म्हणालो, ‘‘मला माफ करा.’’

ती लगेच ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही, हे मला चांगलं आठवतं. ‘‘राग होता,’’ ती म्हणाली. ‘‘दोन-तीन वर्षं लय होता. कुठं ते गाणे वाजले का मी रस्ता बदलून टाकत होती. मंग नोकरी लागली, हे पोट्टी झाली. आता विहारातल्या बायाइले घेऊन भीमगीतं गाते मी. जयंतीले. पत्रिकेवर नाव छापते, प्रभाताई, बोरगाव.’’ मग म्हणाली, ‘‘पण खरं सांगू? ते गाणे मले आवडत होते. नुसते आवडत नव्हते, जीव लागला होता त्यात. लोकाइले वाटे का ही पैशासाठी नाचून राहिली. मी तं वर्गातही मनात गात राहे.’’

जेवून जा, असा वडिलांचा आग्रह झाला. चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकर आणि पाटोडी (बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी). प्रभा भाकरी थापत होती. थापता थापता ती गुणगुणायला लागली. मी घास हातात धरून बसलो. तेच गाणं, पहिल्या कार्यक्रमाला तिनं गायलेलं. हळूहळू आवाज मोकळा झाला, तोच खालचा, खरबरीत. शेवटचा शब्द ती स्वतःच तीनदा म्हणाली, प्रत्येक वेळी जरा हळू, एको मशीनसारखा. दाराआडची पोरगी खुदकन हसली. वडील मांडीवर ताल धरत होते, तो चुकत होता.

अंतऱ्याशी येऊन प्रभा थांबली.

‘‘पुढं नाही आठवत.’’

मला आठवत होतं. सगळे शब्द पाठ होते. पण मी हातातला घास तोंडात घातला. ती तव्यावरची भाकरी उलटायला लागली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. ‘‘घरी सगळे बरे आहेत ना?’’ विचारलं. मुलीचं नाव विचारलं. तिकडं पाऊसपाणी कसं म्हणून विचारलं. मी एवढ्या लांब आणखी काही मनात घेऊन आलो होतो का, ते तिनं विचारलं नाही, आणि आता ते सांगण्यासारखं राहिलंही नव्हतं.

सौंसरहून नागपूरला छोट्या लाईनची गाडी जाते. डबे एवढे अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. वेगही असा की बागेतल्या बायकांनी काय विचारलं ते नीट ऐकून आपण उत्तर देऊ शकतो. दुपारच्या उन्हात बागा पिवळ्या दिसत होत्या. मी दाराशी बसून राहिलो.

सांगलीला परत आलो त्याला आता दोन महिने झाले. त्या गाण्यांविषयी मित्रांत बोलणं निघतं तेव्हा मी पूर्वीसारखाच हळवा होतो, ते काही सुटलेलं नाही. फक्त गाण्याआधी गाणारीचं नाव सांगतो, गाव सांगतो. कुणी म्हणतं, ऐकव ना मग, कॅसेट असेल तुझ्याकडे. मूळ गाण्यांच्या कॅसेटी आहेत, कुठल्याही दुकानात मिळतात. प्रभाचा आवाज मात्र कुठल्याच कॅसेटवर नाही. आमच्याकडे एवढी यंत्रं होती, पण तिचं गाणं जपून ठेवावं असं तेव्हा आमच्यातल्या कुणालाही सुचलं नाही.