लाखाला तीनचा भाग जात नाही

१९५६ चा श्रावण, तिसरा सोमवार. पडवीत बसून मी बेल निवडत होते. किडका बाजूला, भोकाचा बाजूला, चांगल्याच्या देठाची गाठ खुडायची आणि टोपलीत टाकायचा. थोरल्या जाऊबाईंनी नवऱ्याचा ताप उतरला म्हणून महादेवाला लाख बेल बोलले होते, आणि सोबत एक अटही घातली होती: लाख पुरा होईपर्यंत घरातल्या बाईनं गावाची शीव ओलांडायची नाही.

अट महादेवाची नव्हती, माझ्या पोरीसाठी होती. तिला नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणाला बुधवारी हजर व्हायचं होतं. जाऊबाईंना ती आपल्या भावाच्या पोराला द्यायची होती. मी विधवा, म्हणजे मला विचारायचं कारणच नव्हतं.

बेल मोजायला आलेल्या शेजारणी कंटाळल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "बाई, एका बेलाले तीन पानं असतात. तीन मोजा, लवकर होईल."

शेजारणींनी लगेच माना हलवल्या. जाऊबाईंना नाही म्हणता येईना. पण त्या म्हणाल्या, "मोज तीन. पण लाख म्हणजे लाख. एक कमी नाई, एक जास्त नाई. अन् बेलाचं पान वेगळं तोडाचं नाई, पाप लागते."

मी मराठी चौथी शिकलेली. भागाकार मनातच केला आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"मग तुमचा लाख कधीच होत नाई, बाई."

"काऊन?"

"तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस बेल वाहिले का नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव पानं होतात. एक कमी. आणखी एक बेल वाहिला का दोन जास्त. लाखात दोन बसते, पाच बसते, तीन बसत नाई."

"शिकलेली पाहा! जिले सरकी मोजता येत नाई, थे मले लाख शिकवून राह्यली."

मी शेंगदाणे मागवले. दहा दाणे तिघी शेजारणींत वाटले, एक उरला. शंभर वाटले, तरी एकच. "हजार वाटा, लाख वाटा, उरते तो एकच."

"मंग मी कोटी वाहीन!"

"कोटीलेही एकच उरते. एकावर कितीही शून्य मांडा."

एक शेजारीण फिदकन हसली. जाऊबाई लाल झाल्या. "चार पानाचा बेल सापडते कधीमधी. तो सापडला का झाला लाख पुरा."

हे मात्र खरं होतं. तीनांच्या ढिगात एकच चारपानी पडला की हिशेब बरोबर बसतो. मी मान्य केलं.

"शोधा मंग. सापडेपर्यंत तुमच्या घरच्या बायकांनी बसावं. माह्या पोरीनं काऊन बसावं?"

"देवाचा कोप झाला तं?"

"अट तुमची, कोपही तुमच्यावर."

"जा! पण टेसनावर जायाले बैलं भेटणार नाई. अन् परत आली तं या घरात चूल भेटणार नाई."

"वेगळी मांडीन."

त्या रात्री आम्हां दोघींना कोणी जेवायला बोलावलं नाही. पोरगी रडायला लागली, तिला मी ट्रंक भरायला लावलं.

सकाळी ट्रंक मी डोक्यावर घेतली, वळकटी तिनं. धानाच्या रोवणीच्या चिखलातून बांधाबांधानं मूल गावच्या टेसनापर्यंत चालत गेलो, आणि मी पोरीचं नागपूरचं एकच तिकीट काढलं.