इस्त्रीच्या दुकानामागे

गिरगावातलं प्रत्येक दार मला नावानं ओळखतं, अशी माझी फुशारकी होती. परवा संध्याकाळी भाचीनं ती जिरवली. आमच्याच इमारतीखालच्या इस्त्रीच्या दुकानात तिनं कपड्यांचं कपाट ढकललं, तर मागे एक बुटकं दार. "मामा, वाका!" आत एवढा अवाढव्य बार, की पलीकडच्या टोकाला हवामानही वेगळं असावं! कोकमाच्या कॉकटेलचा एक घोट घेतला आणि मला पूर्वज दिसले. तेही ग्लास घेऊनच बसले होते.

"सगळी दारं माहीत ना, मामा?"

मी मागं वळून दाराकडे पाहिलं. ज्या कपाटासमोर आयुष्यभर शर्टांची वाट पाहिली, त्याच्या पाठीमागे अख्खं शहर नांदत होतं.

घरी येऊन फडताळावर हळूच टकटक केली.

"आत कोण बसलंय?" बायको म्हणाली.

"मुंबई आहे बाई. विचारलेलं बरं."