किनाऱ्यावरची घरं

जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तो किनारा कुणी परका दर्यावर्दी ‘शोधून’ कसा काढेल?

लाल शाईचा वास आला की इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचं आमचं किचन आठवतं. आठ वर्षांची असताना मी शाळेसाठी एका स्पॅनिश दर्यावर्दीच्या सफरीचा नकाशा रंगवला होता. जहाज, झेंडा, मोकळा किनारा. आपल्या चळवळीच्या पत्रकांची प्रुफं लाल पेनाने तपासता तपासता बाबांनी त्याच पेनाने त्या किनाऱ्यावर झोपड्या काढल्या.

“बाबा, उद्या तो वर्गात लावायचाय!” मी रडले.

“अहो, ते पत्रक नाही, लेकीचं होमवर्क आहे!” आई म्हणाली.

ओशाळून बाबांनी नव्या कागदावर जहाज काढून दिलं आणि हळूच विचारलं, “तिथल्या मुली कुठे राहत असतील गं?”

मग घरं मीच काढली. तेव्हा बाबांचा राग आला होता. आज बाबांसारखीच पत्रकं लिहिताना तोच प्रश्न मी आधी विचारते.

तुमच्या मुलांच्या नकाशात किनारा मोकळा दिसला, तर शेजारी बसा. पेन मात्र त्यांच्याच हातात द्या.