पऱ्हाटीतल्या मांजरीला फोनवरून हाक

बेवारस मांजरं मी घरी आणते, दूधभातावर सावरते आणि चांगलं माणूस भेटलं की देऊन टाकते. बाभुळगावात माझ्या मागं लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलू देत. त्यांनीच टाकलेली पिल्लं मी वाढवतेय.

करडी मांजरी पाच महिने माझ्याकडे राहिली. एक कान फाटका, म्हणून कोणी घेईना. शेवटी घाटंजीकडच्या तांड्यावरची एक बाई आमच्या गल्लीत पाहुणी आली. तिच्या घरात कापूस भरलेला आणि कापसात उंदरांचा नुसता सुळसुळाट. "मले द्या. लेकीवानी ठेवीन," म्हणाली.

वाट दिसली तर मांजर परत येतं, म्हणून आमच्याकडे त्याला गोणीत घालून नेतात. गोणीचं तोंड मीच बांधलं. वर दिशा कळू नये म्हणून अंगणात गोणीला दोन गिरक्याही दिल्या. ती आतून ओरडत होती आणि मी हसत होते, "सासरी जाताना सगळ्याच रडतात गं!" आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. गोणी सोडताच मांजरी घरामागच्या उभ्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात घुसली होती. दुसऱ्या दिवशी मी गेले. माझ्याकडे तेव्हा चार तान्ही पिल्लं होती, दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध मागणारी. ती शेजारणीवर सोपवली. पऱ्हाटीच्या ओळी तुडवत, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. ती आली नाही. घरी परतले तर एक पिल्लू गार पडलेलं. शेजारणीचा दोष नव्हता. तिला ते जमलंच नाही.

आता उरलेल्या तिघांना सोडून जायची माझी हिंमत होईना. मग त्या बाईनंच युक्ती काढली. रोज संध्याकाळी ती बांधावर भाताची ताटली ठेवायची, शेजारी मोबाइल ठेवून स्पीकर लावायची आणि मी इथून हाका मारायची.

सहाव्या दिवशी ती बाई फोनवर हळूच बोलली, "आली, बाई! भात खाऊन राह्यली."

मला रडूच फुटलं. "धरता येईल का?"

"पुढं सरकलं का पयते." जरा वेळानं म्हणाली, "आता मोबाइल हुंगला. त्याच्या मागं जाऊन पाह्यते. तुमाले धुंडून राह्यली."

माझ्याच्यानं ऐकवेना. "बंद करा तो फोन. किती फसवायचं तिला?"

"बंद केला तर मंग ते भायेर येईन कायले?" बाई म्हणाली. "तुमचा आवाज थांबला का खानं सोडते."

मांडीवर पिल्लं दुधासाठी ओरडत होती. मी फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"ये गं, माऊ. मी इथंच आहे."