पगारे सरांचं ‘पुरे’

आमचे मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले की पगारे सरांची बोटं टेबलावर वाजू लागत. बाकीच्यांना वाटे, या माणसाला स्वस्थ बसवतच नाही. ते खरंच होतं. खुर्चीतही ते निघायच्या तयारीत बसत. पण ती बोटं मोर्समध्ये, तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेत, बोलत. अक्षरं रोमन, शब्द अस्सल मराठी: ‘पुरे’. स्टाफरूममध्ये मोर्स कळणारा दुसरा मी एकटाच, त्यामुळे हसू दाबताना माझी पंचाईत होई.

आम्ही दोघे हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेस चालवणारे. ते नाशिकरोडला, मी पंचवटीत. रोज शाळेआधी आमचं मोर्सवर बोलणं होई. दोन शब्दांमधली जागा सर चक्क गिळून टाकत. “थांबायला वेळ कुणाला आहे, भालेराव? चला, पुढे चला!” नाव सांगायच्या आत मी त्यांचा हात ओळखत असे.

ऐंशी सालच्या सुमारास त्यांनी भंगारातून जुना टेलिप्रिंटर आणला. तो सुरू झाला की वहिनींची भांडी फळीवरून सरकत. इगतपुरीच्या एका हॅमकडे तसंच यंत्र होतं. त्याने तिकडे टाइप केलेलं इकडे कागदावर उमटे. “बघा, स्वच्छ छापील! नाहीतर तुमचं मोर्स, नुसती कानफोड.” घाटात वीज कडाडली की त्याच कागदावर अक्षरांचा कचरा पडे, मोर्स मात्र तशा खरखरीतही कानाला कळे. मी तसं म्हटलं, तर “असू द्या हो, मोर्स झालं म्हातारं” म्हणून त्यांनी ते सोडूनच दिलं. माझ्याकडे टेलिप्रिंटर नव्हता. सकाळी मी हाका मारी, उत्तर येईना. मला फार राग आला.

मग एकदा मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं आणि टेबल गप्पच राहिलं. सरांचा उजवा हात खिशात होता. चहाही त्यांनी डाव्या हाताने घेतला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

“कंपवात म्हणे,” ते येरझाऱ्या घालत म्हणाले. “एका टिंबाची तीन होतात. यंत्रावर डाव्या बोटाने टाइप केलं तरी अक्षर सरळ जातं. मोर्स सगळे ऐकतात, भालेराव. म्हणतील, कोण हा शिकाऊ?”

“म्हणू द्या. मला तुमचा हात ऐकायचाय.”

“छे! चहा घ्या आणि निघा.”

त्यानंतरही मी सकाळी हाका मारत राहिलो. सर शाळेत भेटत, बोलत, हात खिशातच.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी त्यांना ‘शांत, संयमी’ म्हटलं. ते आणखीही बरंच बोलले. हाराखाली सरांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी खिशातला हात सगळ्या शाळेसमोर टेबलावर आला. तो थरथरताना बघून शेजारच्या बाईंनी मायेने त्यावर हात ठेवला. सरांनी तो झटकला. बोटं वाजू लागली. जादा टिंबांच्या गर्दीत मला आधी काही अर्थ लागेना. मग लागला. मी मोठ्याने हसलो आणि लगेच डोळे पुसायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेट लावला, तर मोर्सवर कुणीतरी मला हाक मारत होतं. टिंबं सांडलेली, जागा गिळलेली. नाव यायच्या आत मी उत्तर दिलं.