चालू लाइनवरचं काम

हडपसरच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून पाण्याच्या कामाला मी एका जुन्या प्लंबरनाच बोलवायचे. पाणी बंद न करता, भरल्या पाइपला भोक पाडून ते नवा जोड देत. आधी पाइपवर तळहात ठेवून डोळे मिटत. तोवर कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

त्या दिवशी हात काढून म्हणाले, “पाइप सडलाय, ताई. तासभर पाणी बंद करा.”

“बंदच करायचं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

सगळ्यांना खड्ड्यापासून लांब पाठवून त्यांनी एकट्यानं ड्रिल लावलं. पाइप फुटला, त्याला आवळलेला लोखंडी क्लॅम्प उडाला आणि त्यांची तीन बोटं गेली.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, “वर पाणी आलं का?”

मी “आलं” म्हणाले. आलेलं नव्हतं.

तासाभरासाठी घरटी दोन बादल्या पुरल्या असत्या.